परवाना कोणाच्या नावावर?

मैत्रिणींनो,



आपल्या सल्ला केंद्रात येणारे प्रश्न तुम्हा सर्वांच्या परिचयाचे आहेत. मारहाण, पोटगी, सासरी अडकलेले दागिने, मुलांचा ताबा. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "ताई, मी स्टाफ नर्स आहे. मला बाहेरच्या देशात जायचंय. एजंट साडेचार लाख मागतो आहे. एवढे लागतात का?" असे विचारणाऱ्या मुली सांगलीच्या आहेत, बीडच्या आहेत, नाशिक-वसईच्या आहेत. कोणी जी.एन.एम. केले आहे, कोणी बी.एस्सी. बहुतेकींचे वय पंचविशीच्या आसपास. काहींची लग्ने झाली आहेत, काहींची मोडलीही आहेत.

आमच्या बैठकीत यावर चर्चा झाली तेव्हा एका कार्यकर्तीने स्पष्टच विचारले, की हे आपले काम आहे का? करिअर मार्गदर्शन करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, आपण अन्यायाविरुद्ध काम करतो. प्रश्न रास्त होता. पण या मुलींचे कागद एकेक करून पाहू लागले तसे माझ्या लक्षात आले, की नोकरी, नाव, कागद आणि पैसा या चारही गोष्टींवरचा बाईचा ताबा कसा सुटतो, याचेच हे एक ठळक उदाहरण आहे. परदेशात परिचारिका म्हणून काम करण्याचा परवाना हा त्या बाईच्या शिक्षणाला आणि कौशल्याला मिळतो. तो तिच्या नावाने निघतो, तिच्याजवळ राहतो. तरीही तो मिळवण्याची वाट तिला ठाऊक नसल्यामुळे ती वाट दुसराच कोणी विकत असतो. म्हणून या अंकाचे संपादकीय या विषयावर लिहीत आहे.

आधी एका आक्षेपाचा विचार करू. "इथे दवाखान्यांत नर्सेस मिळत नाहीत आणि तुम्ही त्यांना बाहेर जायला शिकवता?" असे आम्हांला एका डॉक्टरांनी ऐकवले. टंचाई खरीच आहे आणि ती जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि ५८ लाख कमी पडत होत्या. त्यांत ८५ टक्के स्त्रिया. श्रीमंत देशांमध्ये काम करणाऱ्या परिचारिकांपैकी २३ टक्के दुसऱ्या देशांत जन्मलेल्या आहेत. म्हणजे श्रीमंत देशांची रुग्णालये आपल्यासारख्या देशांतल्या मुलींच्या कष्टावर चालतात, हे खरे. पण ज्या मुलीला खाजगी रुग्णालयात बारा-पंधरा हजारांवर रात्रपाळ्या कराव्या लागतात, तिला देशसेवेचे धडे देण्याचा अधिकार कोणाला आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानुसार केंद्र सरकारने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमली. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, अशी शिफारस समितीने केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. सरकारी नोकरीकडे पाहावे तर तिथे कंत्राटी भरती. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतील परिचारिका संपावर गेल्या, त्यामागे बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीला विरोध हे मुख्य कारण होते.

आपल्याकडे या व्यवसायाकडे पाहण्याची दृष्टीही कधी सरळ नव्हती. परपुरुषाच्या अंगाला हात लावावा लागतो, रात्री घराबाहेर राहावे लागते, म्हणून 'चांगल्या घरातल्या' मुलींना हे काम वर्ज्य मानले गेले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने ससून रुग्णालयात मुलींना, त्यांतही विधवांना, नर्सिंगचे शिक्षण मिळण्याची सोय केली, तेव्हा केवढी टीका झाली असेल याची कल्पना करता येते. ज्या कामाने बाईला पोटापाण्याचा आणि मानाचा आधार दिला, त्याच कामाच्या बळावर आज तिला आणखी दूर जायचे असेल तर तिला दोष देण्याऐवजी तिची वाट निर्धोक करणे हे आपले काम आहे. इथले पगार सुधारण्याची लढाई आणि बाहेर जाणारीला माहिती देण्याचे काम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या आहेत.

आता प्रत्यक्ष वाट कशी आहे ते पाहू. देश कोणताही असो, पायऱ्या साधारण त्याच आहेत. तुमचे शिक्षण खरे आहे का, याची पडताळणी. तुमच्या देशात तुमची नोंदणी चालू आणि निष्कलंक आहे का, याचा दाखला. तिथली भाषा येते का, याची परीक्षा. तिथल्या पद्धतीने रुग्णसेवा करता येते का, याची परीक्षा. आणि शेवटी व्हिसा, जो परवान्याहून अगदी वेगळा असतो. परवाना देणारे वेगळे आणि देशात येऊ देणारे वेगळे. एजंटांची बरीचशी लबाडी या दोन दारांमधल्या अंधारातच चालते.

ब्रिटनमध्ये नोंदणी करते नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी. इंग्रजीसाठी आयईएल्टीएसमध्ये ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत किमान ७ आणि लेखनात साडेसहा गुण लागतात. त्याऐवजी आरोग्य क्षेत्रासाठीची ओईटी ही परीक्षाही चालते. मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेक मुलींना ओईटी सोपी वाटते, कारण तिच्यातले विषय वॉर्डातलेच असतात. त्यानंतर संगणकावरची परीक्षा, सीबीटी. ती भारतातच देता येते. तिचा एक भाग आकडेमोडीचा, म्हणजे औषधाचा डोस, सलाइनचा वेग असा, आणि दुसरा नर्सिंगच्या ज्ञानाचा. मग 'ऑस्की' ही प्रात्यक्षिक परीक्षा, जी ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते. तिची फी सुमारे ८०० पौंड आहे. अनेक सरकारी रुग्णालये ती स्वतः भरतात. दहा स्टेशने, म्हणजे दहा कामे करून किंवा लिहून दाखवायची. एका अर्जावर तीनदा बसता येते. तिन्ही वेळा अपयश आले तर सहा महिने थांबून नव्याने अर्ज.

या ऑस्कीबद्दल तिथे गेलेल्या मुलींनी आम्हांला जे सांगितले ते विचार करण्याजोगे आहे. इंजेक्शन देता येत नाही, ड्रेसिंग येत नाही म्हणून आपल्या मुली तिथे अडत नाहीत. रुग्णाला आपले नाव सांगणे, त्याचे नाव-जन्मतारीख विचारून खात्री करणे, काय करणार हे समजावणे, त्याची परवानगी घेणे, दर टप्प्याला हात धुणे, यांत त्यांचे गुण जातात. कारण इथे त्याची सवयच नसते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे; शैक्षणिक रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकटीवर तीस-चाळीस रुग्ण असतात, असे त्याच मुली सांगतात. तीस रुग्णांना नाव-गाव विचारून परवानगी कोण घेणार? तेव्हा तिचे अपयश हे इथल्या व्यवस्थेने तिला काम कसे करायला लावले, त्याचे आहे.

अमेरिकेत देशाचा म्हणून एक परवाना नाही. प्रत्येक राज्याचे नर्सिंग बोर्ड वेगळे आहे, मात्र परीक्षा सर्वत्र एकच, एनक्लेक्स-आरएन. ती भारतातल्या केंद्रांवरही देता येते आणि तिची मूळ फी २०० डॉलर आहे. संगणक तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडतो. कोणाला ८५ प्रश्न येतात, कोणाला १५०. पण परीक्षेआधी शिक्षणाचे मूल्यमापन होते. त्यात मोठ्यांचे आजार, बाळंतपण, बालरोग आणि मानसिक आजार या विषयांचे वर्गातले तास किती आणि वॉर्डातले तास किती, हे पाहिले जाते. तुमच्या कॉलेजने हे तास नीट लिहून दिले नाहीत तर हुशार मुलीचाही अर्ज अडतो. शिवाय १९९६ च्या कायद्याने परदेशी परिचारिकेला व्हिसास्क्रीन नावाचे प्रमाणपत्र लागते. ते देणारी सीजीएफएनएस ही संस्था २०२५ पासून ट्रूमेरिट या नावाने ओळखली जाते. आणि हे सारे पार पडले तरी भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. एनक्लेक्स पास झाली म्हणजे सहा महिन्यांत अमेरिका, असे सांगणारा क्लासवाला अर्धेच सत्य सांगतो.

आखाती देशांत पद्धत आणखी वेगळी. कागदांची पडताळणी बहुधा डेटाफ्लो ही कंपनी करते. ती तुमच्या कॉलेजला, रुग्णालयाला आणि परिषदेला थेट विचारते. त्यानंतर संगणकावरची परीक्षा, जिला मुली 'प्रोमेट्रिक' म्हणतात. दुबई, अबुधाबी, सौदी अरेबिया, प्रत्येकाची परवाना देणारी यंत्रणा स्वतंत्र आहे. सौदीमध्ये पदविकाधारकाला तंत्रज्ञ आणि पदवीधराला विशेषज्ञ अशी वर्गवारी आहे, त्यामुळे जी.एन.एम. आणि बी.एस्सी. यांच्या दर्जात आणि पगारात फरक पडतो. खोटे अनुभवपत्र जोडू नका, हे इथे कळकळीने सांगावेसे वाटते. "दोन वर्षांचा अनुभव आम्ही दाखवू" असे एजंट म्हणतो. पडताळणीत ते उघडे पडले की नुकसान त्याचे होत नाही. तुमच्या नावावर कायमचा शिक्का बसतो.

जर्मनीचे आकर्षण अलीकडे वाढले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. तिथे भाषा हीच मोठी चढण. परवान्यासाठी साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते. त्या पातळीला पोचायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष सहज जाते. तुमच्या शिक्षणात जी तूट निघेल ती ज्ञानाची परीक्षा देऊन किंवा तिथल्या रुग्णालयात जुळवून घेण्याचा अभ्यासक्रम करून भरून काढावी लागते. तोवर मदतनीस म्हणून काम. केरळच्या नोर्का रूट्स या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या रोजगार खात्याशी 'ट्रिपल विन' हा करार केला. त्यात भाषेचे शिक्षण आणि भरती यांसाठी मुलीला पैसे मोजावे लागत नाहीत, खर्च नोकरी देणारा करतो. असे होऊ शकते, हे इथल्या मुलींना ठाऊकच नसते.

या साऱ्या वाटांवर एक अडथळा असा आहे की जो खास आपल्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या बायकांच्या वाट्याला येतो. तो नावाचा. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, मधले वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आणि कितीतरी घरांत तांदळावर अंगठीने लिहून तिचे पहिले नावही बदलले जाते. मग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक बाई, नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर तीच, परिषदेच्या नोंदणीत कधी ही कधी ती, आणि पासपोर्टवर पूर्ण वेगळीच.  शेजारीपाजारी आणि नातेवाईक यांना या दोन्ही एकच आहेत हे माहीत असते. लंडनच्या किंवा रियाधच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ते माहीत असण्याचे कारण नाही. तो अर्ज बाजूला ठेवतो.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीचे आठ महिने केवळ यात गेले. विवाह नोंदणीचा दाखला नव्हता, कारण लग्न गावी मांडवात झाले आणि नोंदणीची गरज कोणाला वाटली नाही. दुसरीची गोष्ट अधिक कठीण. नवऱ्याने टाकलेली, पण पासपोर्ट त्याच्या नावाचा. नाव परत बदलायला घटस्फोटाचा हुकूमनामा हवा आणि तो खटला कोर्टात तारखांवर तारखा घेत पडून. तिचे शिक्षण तिचे, अनुभव तिचा, भाषेची परीक्षा तीच पास झालेली; आणि ज्याने तिला घराबाहेर काढले त्याच्या नावाने तिची वाट अडवून धरलेली.

लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा आपल्या देशात नाही, आणि पासपोर्ट माहेरच्या नावाने ठेवता येतो. चळवळीत आपण 'माझे नाव मीच ठरवीन' असे म्हणत आलो. तेव्हा ते पुष्कळांना हौसेचे, शिकलेल्या शहरी बायकांचे वाटे. आज वीस बावीस वर्षांची नर्स मुलगी विचारते तेव्हा मी तिला तत्त्वाआधी व्यवहार सांगते. ज्या नावाने शिकलीस, ज्या नावाने परिषदेत नोंदलीस, त्याच नावाने पासपोर्ट काढ आणि लग्नानंतरही ठेव. ज्यांचे नाव बदलून झाले आहे त्यांनी विवाह नोंदणी करून घ्यावी, गरज पडल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची सूचना प्रसिद्ध करावी, आणि परदेशी अर्ज करण्याआधी सर्व कागदांवर एकच नाव आणावे. हे काम अर्ज भरल्यानंतर सुरू केले तर घड्याळ तुमच्या विरुद्ध चालते, कारण आयईएल्टीएस, ओईटीचे निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात.

दुसरी गोष्ट कागदांच्या ताब्याची. कॉलेजने फीसाठी आणि रुग्णालयाने बाँडसाठी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे हा प्रकार अजून सुरू आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खाजगी रुग्णालयात तरुण परिचारिकेने आत्महत्या केली, त्यानंतर तिच्या सहकारी संपावर गेल्या. बाँड आणि अडवलेली प्रमाणपत्रे हाच त्यांच्या संतापाचा विषय होता. तिथून केरळ-दिल्लीपर्यंत परिचारिकांची आंदोलने झाली. प्रमाणपत्र ही गहाण ठेवण्याची वस्तू नव्हे. नोकरीला लागताना मूळ प्रत दाखवावी, झेरॉक्स द्यावी आणि मूळ प्रत परत घ्यावी. कोणी ठेवून घेतलीच तर निदान त्याची लेखी पोच मागावी. वकिलाच्या एका नोटिशीने मूळ कागद परत मिळाल्याची उदाहरणे आमच्याजवळ आहेत. आणि नर्सिंगला प्रवेश घेण्यापूर्वीच कॉलेजला भारतीय आणि राज्य परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे पाहावे. स्वस्त पडते म्हणून दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा कॉलेजात घातलेल्या मुलीला हा प्रश्न पाच-सहा वर्षांनी गाठतो.

आता पैसा. ब्रिटनच्या वाटेवर भाषेची परीक्षा, एनएमसीचा अर्ज, सीबीटी आणि परिषदेचे दाखले मिळून भारतात असताना होणारा खर्च साधारण पन्नास-साठ हजारांत बसतो. क्लास लावला तर त्याचे वेगळे. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या आचारसंहितेप्रमाणे भरतीसाठी उमेदवाराकडून फी घेता येत नाही. भारतात १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्याखाली नोंदणी असलेल्या एजंटालाच भरती करता येते आणि त्याने घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावर जीएसटी अशी आहे. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत तपासता येतो. मग साडेचार लाख कशाचे? या प्रश्नाचे उत्तर मागितले की बरेच एजंट फोन उचलणे बंद करतात.

२०१५ मध्ये कुवेतच्या भरतीत कोचीच्या एका एजन्सीवर सीबीआयने गुन्हा नोंदवला. १९,५०० रुपयांच्या जागी प्रत्येकीकडून १९ लाख ५० हजार घेतल्याचा आरोप होता. त्याच वर्षी केंद्र सरकारने आखातासह १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फत करण्याचा नियम आणला. त्याआधीच्या वर्षी, जुलै २०१४ मध्ये, इराकमधल्या तिक्रितहून ४६ भारतीय परिचारिका सुटून घरी आल्या. बाहेर बाँब पडत असताना त्यांच्यापैकी काहींना परतण्याचीही भीती वाटत होती, कारण पगार थकलेला होता आणि घरी कर्ज उभे होते. कर्ज काढून गेलेली बाई वाईट नोकरी सोडू शकत नाही, मार खाऊनही बोलू शकत नाही. सासरच्या दारात उभ्या असलेल्या, माहेरचे दार बंद झालेल्या बाईची आपण वर्षानुवर्षे जी गत पाहत आलो, तीच ही.

तिसरी फसवणूक हुद्द्याची. नर्स म्हणून नेतो म्हणतात आणि वृद्धांची काळजी घेणारी सेविका म्हणून नेतात. कष्टाच्या कोणत्याही कामात कमीपणा नाही, पण चार वर्षे शिकलेल्या मुलीने आपण कोणत्या हुद्द्यावर जात आहोत हे जाणूनच जावे. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्या केअर वर्कर घेणे बंद केले आहे. तरीही 'केअर व्हिसा' विकणारी पत्रके आमच्या हाती पडतात. नेमणूकपत्रात हुद्दा, पगार आणि कामाचे तास वाचा. परवाना मिळेपर्यंत कोणत्या श्रेणीत ठेवणार आणि मिळाल्यावर काय देणार, हे लेखी घ्या. मुदतीआधी नोकरी सोडली तर किती रक्कम परत करावी लागेल, ते कलम दोनदा वाचा. स्वतःला कळले नाही तर आमच्याकडे आणा, आम्ही तुमच्यासोबत वाचू.

आणि चौथी गोष्ट घरातली, म्हणून बोलायला अवघड. मुलगी बाहेर कमवू लागली की तिच्या पगारावर कितीजणांचे डोळे असतात! भावाचे शिक्षण, घराचे बांधकाम, नवऱ्याचा धंदा. तिने मदत करू नये असे मी म्हणत नाही. पण बँकेतले खाते तिच्या एकटीच्या नावावर असावे. घर तिच्या पैशाने बांधले जात असेल तर सातबाऱ्यावर किंवा करारावर तिचे नाव असावे. मुलांना मागे ठेवून जाणाऱ्या बाईच्या जागी घरात आजी किंवा मावशी उभी राहते, तिच्या कष्टाचा हिशेबही कोणी मांडत नाही. एका बाईची सुटका दुसऱ्या बाईच्या न मोजलेल्या श्रमांवर उभी राहू नये, हे आपण नाही तर कोण म्हणणार?

शासनाकडे आपल्या मागण्या साध्या आहेत. परदेशी नोंदणीसाठी लागणारे दाखले परिषदेने ठरावीक मुदतीत द्यावेत आणि त्यासाठी बीडच्या मुलीला मुंबईला खेटे घालायला लावू नयेत. नावातल्या फरकाची दुरुस्ती एका खिडकीत व्हावी. जर्मनीच्या करारासारख्या योजनांत किती परिचारिका गेल्या, कोणत्या हुद्द्यावर गेल्या आणि किती जणींना परवाना मिळाला, हे दरवर्षी जाहीर करावे. भाषेचे वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी निघावेत. मूळ प्रमाणपत्रे अडवणाऱ्या संस्थांवर कारवाई व्हावी. आणि २०१६ च्या निर्देशानंतर आलेल्या वेतनाच्या शिफारशी महाराष्ट्रात लागू कराव्यात, म्हणजे ज्यांना इथेच राहायचे आहे त्यांना राहता येईल. जाणे ही निवड असावी, नाइलाज असू नये.

आपल्या गटांनी काय करावे? अनेक तालुक्यांत नर्सिंगचे कॉलेज आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलींपुढे एक तास मागून घ्या. नाव, कागद, एजंट आणि करार या चार गोष्टींवर बोला. आम्ही वरील पायऱ्यांचे एक साधे पत्रक तयार केले आहे, मागणी कळवल्यास पाठवू. परदेशात परवाना मिळवलेल्या किंवा मिळवताना अडलेल्या, फसलेल्या मैत्रिणी वाचकांत असतील तर त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा. नाव छापायचे नसेल तर तसे कळवावे. पुढील अंकात या पत्रांसाठी चार पाने राखून ठेवली आहेत.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

सस्नेह,
संपादक मंडळाच्या वतीने